तीन दिवसांची मोजणी

ओमोर अगाय वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या घालाल. घालायच्याच असतील तर त्यातल्या थोड्या माझ्यासाठी राखून ठेवा.

अगाय त्यांना सगळेच म्हणायचे, वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही तसंच म्हणतो. वय एकसष्ट, उंच, किंचित वाकलेले, खिशात कायम दोन पेन्सिली. बिश्केकमध्ये आमची नऊ माणसांची छोटी फर्म आहे, जुनी ऑफिसं नवी करून देणारी. हल्ली लोक रोज ऑफिसला येत नाहीत, आले तर जागेवर ठरत नाहीत, निम्मं काम फोनवर, निम्मं घरून. मग प्रत्येकाला वेगळं टेबल कशाला? भिंती पाडा, लांब टेबलं टाका, सामानाला कपाटं द्या, जो येईल त्यानं मिळेल तिथं बसावं. आमच्या मालकाच्या, इल्याजच्या भाषेत ह्याला लवचिक ऑफिस म्हणतात. इल्याज चौतीस वर्षांचा, परदेशात शिकून आलेला. पोरगा हुशार आहे, पण त्याला कधी कुणी थांब म्हटलेलं नाही.

आता शंभर माणसांना किती खुर्च्या पुरतील, हे ठरवायचं कसं? त्यासाठी अगाय होते. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे मधले तीन दिवस ते त्या ऑफिसात जाऊन बसायचे. सोमवारी आणि शुक्रवारी लोक तसेही गळतात, म्हणून ते दोन दिवस धरायचे नाहीत. दर तासाला एक फेरी. खुर्चीवर माणूस असेल तर टिंब. माणूस नाही, पण कोट, पिशवी, चहाचा थर्मास असं काही असेल तर फुली. काहीच नसेल तर शून्य. शून्यांची बेरीज करायची आणि तेवढ्या खुर्च्या कमी करायच्या. मग त्या कागदावरून मी आराखडा काढायचा. मी केन्जे, बावन्न वर्षांची, आराखडे काढते आणि नको तिथं तोंड उघडते. हवं तिथं उघडलं नाही, ती गोष्ट पुढे येईल.

अगाय तरुणपणी सरकारी रचना संस्थेत होते. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, सगळं हातानं काढायचे. देश बदलला, संस्था बंद पडली, आणि ह्या माणसानं अकरा वर्षं दोर्दोय बाजारात दारांच्या मुठी विकल्या. इल्याजच्या वडिलांनी त्यांना तिथून उचलून आणलं. त्या उपकाराचं ओझं त्यांच्या मानेवर कायम असायचं. मुलाच्या वयाच्या इल्याजसमोरसुद्धा ते उभं राहून बोलायचे. मी म्हणायची, "अगाय, बसा की, खुर्च्या मोजता आणि स्वतः उभे?" ते हसायचे. "मी बसलो तर ती भरलेली धरावी लागेल, केन्जे. हिशेब चुकेल."

नुसती खुर्ची बघून ते माणूस ओळखायचे. इथं बसणाऱ्या बाईचे गुडघे दुखतात, हा माणूस साहेबाकडे पाठ करून बसतो, ही पोरगी लवकरच नोकरी सोडणार. आणि खरं निघायचं! मी पैजा हरले आहे.

घरी बायको तुर्सुन, मुलगा मेलिस, सून जिपार आणि साडेचार वर्षांची नात आयदाना. मेलिस बांधकामावर होता. तीन वर्षांपूर्वी परांचीवरून पडला, कंबर गेली. काठी घेऊन अंगणापर्यंत जातो, परत येतो, आणि दर महिन्याला दवाखाना. घर चालायचं ते अगायांच्या आणि जिपारच्या नोकरीवर. त्यातही मेलिसची दवा जिपारच्या नोकरीतून, कारण तिच्या कंपनीकडून घरच्यांच्या उपचाराची सोय होती. ती नोकरी गेली की उपचार बंद, हे त्या घरात आयदानालासुद्धा कळत होतं.

जिपार एका विमा कंपनीत पत्रं लिहायची. कुणाचा नवरा गेला, कुणाचा मुलगा गेला, तर कंपनीकडून घरच्यांना जे पत्र जातं ते लिहिणारा चौदा जणांचा विभाग होता, त्यातली ही एक. अगायांना तिचा फार अभिमान. "आमच्या सुनेचं पत्र वाचलं की रडणारं माणूस डोळे पुसतं," असं मला सांगायचे. तिला मात्र कधी सांगितलं नाही. आमच्यात सासरा सुनेशी असं बोलत नाही, आणि सून तर सासऱ्याचं नावही घेत नाही. एकदा मी त्यांच्या घरी फोन करून ओमोर आहेत का विचारलं, तर पलीकडून बारीक आवाज आला, "आमचे मोठे बाहेर गेलेत." ती जिपार. दाराजवळ बसून सगळ्यांना चहा ओतणारी, मोठ्यांसमोर वाकून नमस्कार करणारी, अन् ऑफिसात गेली की मान ताठ. मी तिला दोन्हीकडे पाहिलंय, एकच बाई आहे असं वाटायचं नाही.

तर गेल्या ऑक्टोबरात त्याच विमा कंपनीचं काम आमच्याकडे आलं.

मोजणी ठरली मंगळवारपासून. आणि सोमवारी सकाळी जिपारच्या विभागप्रमुख बाईंचा, कालिचा एजेंचा (मोठ्या बाईला आम्ही एजे म्हणतो), नवरा कोचकोरला, त्यांच्या गावी, वारला. हृदय बंद पडून, चालता चालता. आता आमच्याकडे माती म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. अंगणात तंबू उभा राहतो, बाया आत बसून आक्रोश करतात, बाप्ये बाहेर उभे राहतात, आणि तीन दिवस येणाऱ्या प्रत्येकाला जेवू घालावं लागतं. आपल्या एजेचा नवरा गेला आणि विभागातलं कुणी ऑफिसात बसून राहिलं, असं होऊच शकत नाही. तसं करणाऱ्याच्या तोंडाकडे पुन्हा कुणी बघणार नाही. चौदाच्या चौदा जण सोमवारी दुपारीच गाडी करून निघाले. शाली, थर्मास, घरून आणलेल्या वाट्या, सगळं बरोबर नेलं, कारण तिथं भांडी कमी पडतात. टेबलं पुसून, खुर्च्या आत सारून गेले. शिस्तीची माणसं!

मंगळवारी अगाय दुसऱ्या मजल्यावर गेले तेव्हा चौदा खुर्च्या रिकाम्या. कोट नाही, पिशवी नाही, फुली मारायलासुद्धा काही नाही. शून्य. दर तासाला शून्य. तीन दिवस, आठ फेऱ्या, चौदा खुर्च्या. त्यांना कारण ठाऊक होतं, त्यांची स्वतःची सून त्या तंबूत बसली होती. म्हणून त्यांनी कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं, "मातीला गेलेत. पुन्हा मोजणे."

शुक्रवारी बैठक झाली. विमा कंपनीचा मॅनेजर, इल्याज, अगाय आणि मी. मॅनेजर कागद बघत होता, बोट त्या ओळीवर थांबलं.

"हे काय? पुन्हा मोजणे?"

"साहेब, विभाग कोचकोरला होता," अगाय म्हणाले. "पुढच्या आठवड्यात एकदा..."

"पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाची माती असेल, अगाय. त्याच्या पुढे कुणाचं लग्न. आपल्या लोकांचं काही संपतं का?" तो हसला. इल्याजही हसला. मग मॅनेजरनं मान तिरकी करून विचारलं, "तुमची सूनबाई त्याच विभागात आहे ना हो?"

एवढंच. त्यानं आणखी काही म्हटलं नाही, पण अगायांचे कान लाल झालेले मी पाहिले. एकसष्ट वर्षांत त्या माणसानं कुणाकडे आपल्या माणसासाठी शब्द टाकला नव्हता, आणि आता हा कालचा पोरगा चारचौघांत सुचवतो की म्हातारा सुनेची खुर्ची वाचवायला आकडे वाढवतोय. लाज! आमच्या लोकांना उपाशी राहता येतं, लाज सोसत नाही.

"सूनबाईचा इथं संबंध नाही," अगाय म्हणाले.

"मग राहू द्या की जे दिसलं ते. दिसलं तेच मोजायचं, असंच ना तुमचं काम?"

इल्याज म्हणाला, "अगाय, कामाची तारीख जवळ आहे. कागद जरा स्वच्छ करा ना."

अगायांनी खिशातून रबर काढलं आणि स्वतःच्या हातानं ती ओळ खोडली. खाली सही केली. मी समोर बसले होते. मला ओरडायला हवं होतं की बाबांनो, चौदा जिवंत माणसांना रिकाम्या जागा काय म्हणता! पण मला वाटलं, त्यांचं घर, त्यांची सून, ते बघतील. आणि खरं सांगू? मला तो आराखडा लवकर संपवायचा होता. मी चौदाच्या जागी चार काढल्या आणि जी जागा उरली तिथं हिरवा कोच आणि झाडाची कुंडी टाकली. छान दिसलं. इल्याज म्हणाला, "एजे, कमाल!" मेली ती कमाल.

डिसेंबरात नवं ऑफिस उघडलं. पत्रांच्या विभागाला चार खुर्च्या, पाळीपाळीनं. तीन आठवडे घरून काम, एक आठवडा ऑफिसात. कंपनीनं प्रत्येकाला लॅपटॉप दिला. त्यात असं होतं की दर दहा मिनिटांनी तो समोरच्या माणसाचा फोटो काढायचा. माणूस नसेल तर नोंद व्हायची. शंभरातल्या किती फोटोंत तुम्ही नाही, त्यावर महिन्याच्या शेवटी पत्र यायचं.

जिपार पहिल्या आठवड्यात खूश होती म्हणे. आयदाना जवळ राहील, मेलिसला दुपारी गरम जेवण देता येईल. स्वयंपाकघरात खिडकीशी स्टूल मांडून बसली. पण आमच्याकडे सून घरात आहे म्हणजे ती घरच्या कामाला आहे! तिच्यापुढे उघडा लॅपटॉप असो नाहीतर उघडं आकाश. तुर्सुन काही दुष्ट सासू नाही, मी तिला वीस वर्षं ओळखते. पण शेजारीण आली की ती हाक मारणारच, "जिपार, चहा आण गं." पाहुणा बसला आणि सुनेनं चहा ओतला नाही, तर तो अपमान त्या पाहुण्याचा. आणि पेला आम्ही भरून देत नाही, अर्धाच देतो, म्हणजे पाहुणा लवकर जावा असं वाटत नाही हे त्याला कळावं. त्यामुळे पुन्हा उठा, पुन्हा ओता. जिपार एकदा सासूला भीत भीत म्हणाली, "आपा, मी कामावर आहे." तुर्सुन भाबडेपणानं म्हणाली, "अगं, घरातच तर आहेस!"

अगायांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, ते दिवसभर कुठल्यातरी ऑफिसात टिंबं आणि शून्यं करत असायचे. फेब्रुवारीत त्यांना ताप आला आणि ते आठवडाभर घरी पडले. आतल्या खोलीतून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसायचं. पडल्या पडल्या त्यांनी, सवयीनं, मोजलं. एका तासात जिपार अकरा वेळा उठली. चहाला पाच, मेलिसला दोन, आयदानाला दोन, दाराला एक, आणि एकदा खुद्द अगायांना सूप द्यायला.

ते मला नंतर सांगत होते. "केन्जे, मी तिला म्हटलं, राहू दे सूप, बस तू. तर ती वाडगा घेऊन उभीच राहिली. मी घेईपर्यंत हललीच नाही. तिकडे तो डबा फोटो काढत होता, आणि माझ्या हाताला चमचा धरवत नव्हता."

"मग तुर्सुनला सांगा ना!" मी भडकले. "पाहुण्यांना म्हणावं, नका येऊ दिवसाढवळ्या!"

"सांगितलं. ती म्हणाली, पाहुण्याला दार बंद करायचं तर आपण मेलो असं आधी गावाला कळवा."

मग मात्र ते उठले. आयुष्यात पहिल्यांदा इल्याजसमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मोजणी खोटी आहे. मी केली, मीच सांगतो. त्या विभागाला चौदा खुर्च्या लागतात."

इल्याजनं डोक्याला हात लावला. "अगाय, भिंती पाडून तीन महिने झाले. आता मी त्यांना काय सांगू? आमचा माणूस चुकला?"

"हो. तसंच सांग."

"उद्या आपल्याला कोण काम देईल? नऊ माणसांची पोटं आहेत इथं."

इल्याजनं सांगितलं नाही. तेव्हा अगाय स्वतः विमा कंपनीत गेले. मी म्हटलं, मी येते. नको म्हणाले. मॅनेजरनं त्यांना त्या हिरव्या कोचावर बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, मग फाईल मागवली आणि सहीवर बोट ठेवलं. "ही तुमचीच ना? तेव्हा तुम्ही म्हणालात, सूनबाईचा संबंध नाही. आज तिचा फोटोंचा आकडा खाली आला, आणि आज तुम्ही आलात. मी काय समजायचं, अगाय?"

खरं सांगायला गेलेला माणूस खोटारडा ठरून परत आला. आठ दिवसांनी, मार्चच्या मध्याला, जिपारला नोकरीवरून काढल्याचं पत्र आलं. तिच्यासारख्या आणखी सहा जणी, सगळ्या आपापल्या घरात सुना. ज्यांच्या घरात सासू नव्हती, त्या तेवढ्या टिकल्या. मेलिसचे उपचार त्याच महिन्यात थांबले.

अगायांनी नोकरी सोडली. मी खूप समजावलं, की अहो, आता तर एकच पगार उरलाय, काय डोकं फिरलंय का? ते म्हणाले, "माझ्या हातून आता टिंब उमटत नाही, केन्जे." बाजारात पुन्हा मुठी विकायला बसले. जिपारनं शहरभर अर्ज टाकले. सगळीकडे तेच, घरून काम, कॅमेरा, नोंद. शेवटी तिच्या गावची एक मैत्रीण मॉस्कोत गोदामात पार्सलं बांधते, तिनं बोलावून घेतलं. बारा तास उभं राहायचं काम. दोन वर्षं तरी येता येणार नाही.

एप्रिलात एका सकाळी मी माझ्या गाडीतून जिपारला आणि अगायांना विमानतळावर नेलं. मेलिसला गाडीत तेवढा वेळ बसवत नव्हतं, त्यानं अंगणातूनच हात हलवला होता. तुर्सुन आयदानाला घेऊन घरी थांबली, कारण पोरगी आईचा कोट सोडत नव्हती, तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

आत जायच्या दारापाशी अगाय थांबले. म्हणाले, "जिपार, थांब. तुला एक सांगायचं आहे. ऑक्टोबरात तुमची मोजणी मी..."

"मला माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"नव्या ऑफिसची सभा झाली तेव्हा तो कागद भिंतीवर दाखवला होता. आमच्या ओळीच्या कडेला खोडल्याचा डाग होता. खोडलेलं असलं तरी तुमचं अक्षर मी ओळखते."

अगायांचा चेहरा मला बघवेना. "तेव्हापासून? मग तू बोलली का नाहीस? एकदा म्हणायचंस!"

"मी रोज वाट बघितली," जिपार म्हणाली. आवाज चढला नाही. "वाटायचं, आज सांगतील. जेवताना वाटायचं, चहा देताना वाटायचं. मी सून आहे, बाबा. मी तुम्हाला चुकलात म्हणून कसं सांगू?"

ती वाकली, हात गुडघ्यावर ठेवून, सून वाकते तशी, पूर्ण. सगळ्या गर्दीत. मग पिशवी उचलून आत गेली. अगाय तिला उत्तरादाखल जो आशीर्वाद द्यायचा असतो तो द्यायचा विसरले, आणि आठवलं तेव्हा ती दिसत नव्हती.

परत येताना मी गाडी बाजूला घेऊन रडले. मी म्हटलं, "अगाय, मी पण तिथं होते. मी पण बघितलं होतं खोडताना." ते म्हणाले, "हो, होतीस." दोष दिला नाही, दोषातून मोकळंही केलं नाही.

मी अधूनमधून त्यांच्याकडे जाते. दुपारी बाजारातून आले की पाहुण्यांना चहा आता अगाय स्वतः ओततात, दाराजवळ, सुनेच्या जागेवर बसून. पहिल्यांदा शेजारचे म्हातारे हसले, मग गप्प झाले. घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातचा चहा कुणाच्या घशाखाली उतरणार? एकेक जण यायचा बंद झाला. तुर्सुन भांडली, रडली, आता तीही बोलत नाही. मेलिस भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, आयदाना बालवाडीत जाते. त्या स्वयंपाकघरात दिवसभर कुणी कुणाला हाक मारत नाही. खिडकीशी स्टूल टाकून अख्खा दिवस काम करता येईल, इतकं ते घर शांत झालं आहे.